येणे बाकी

ब्रिजपोर्टच्या एका पाय-बेकरीत
एटेल्का होर्वाथ हिशेब लिहायची.
पहाटे गाड्या भरून जात,
सफरचंद, चेरी, थंडीत भोपळा,
आणि संध्याकाळी परत यायची ती पत्र्याची रिकामी तबकं,
दर तबकामागे पाच सेंट अनामत.
वहीतला शेवटचा रकाना अरुंद,
लाल शाईचा: येणे बाकी.

न्यू हेवनच्या वसतिगृहांकडची गाडी
चाळीस देऊन एकतीस आणायची,
कधी सव्वीस.
मालक म्हणाला, पोरं चोरतात.
गाडीवाला लुइजी म्हणाला, चोरत नाहीत हो, फेकतात.
कचऱ्यात?
नाही. एकमेकांकडे.

तिला हे पटेना.
तिच्या बापाच्या घरात पत्र्याचा डबासुद्धा
तीन जन्म घ्यायचा:
आधी कॉफीचा, मग खिळ्यांचा, मग जिरेनियमचा.
अडतीस साली मे महिन्यातल्या एका शनिवारी
ती लुइजीशेजारी चढून बसली,
वही मांडीवर.

हिरवळीवर बाह्या सरसावलेली पोरं.
मनगटाला हिसका, आणि तबक सुटे,
कडेवर उन्हाची एक चीर,
वाफेसाठी बुडाला टोचलेली भोकं
बारीक शीळ घालत जायची.
सोडणारा ओरडून बजावायचा, सांभाळ!
पत्रा बोट कापतो.
तिनं मोजली. नऊ.
पंचेचाळीस सेंट.
मागायला तोंड उघडलं
ते तसंच राहिलं.

हे तिनं मला सांगितलं चौऱ्याण्णवाव्या वर्षी,
माझ्या रात्रपाळीत,
गोळ्या गिळायच्या आधी, म्हणजे न गिळण्यासाठी.
मग मध्ये युद्ध आलं, लुइजी गेला तो आलाच नाही.
(हाही लाल शाईत, ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.)
सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात लोकांना आभाळात बशा दिसू लागल्या,
तिकडे कॅलिफोर्नियाच्या वाळूत केकची भांडी उडत होती,
मग प्लॅस्टिक आलं,
कुणी कड जाड केली, कुणी पाठीवर वळ्या कोरल्या,
आणि वारा त्या वळ्या धरून
जास्त वेळ थांबू लागला.
बेकरी बंद पडली. भट्ट्या भंगारात गेल्या.
वही तिनं घरी नेली. कुणी मागितली नाही.

मी तिला म्हटलं, आमच्या मराठीत
आभाळातल्या त्या बशीला उडती तबकडी म्हणतात.
गाण्याच्या रेकॉर्डलाही तबकडीच.
तबकाचंच लेकरू.
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
म्हणाली, तुम्हाला आधीच ठाऊक होतं तर
अनामत कुणी भरली?

एका रविवारी तिला खुर्चीत घालून
सीसाइड पार्कात नेलं, आमचा सामना बघायला.
सात इकडे, सात तिकडे,
पंच कुठाय, तिनं विचारलं.
पंच नसतो. धक्का लागला तर ज्याला लागला तो सांगतो,
देणारा कबूल करतो, किंवा करत नाही,
नाहीच पटलं तर तबकडी मागच्या हातात जाते
आणि तिथून पुन्हा.
आणि खोटं बोलला तर?
तर पुढच्या रविवारी त्याला फोन जात नाही.
हिशेबनिसाशिवाय हिशेब, ती पुटपुटली,
चव बघून मीठ कमी निघावं तशी.

मग खाडीवरून वारा उठला.
थॅडियसची लांब फेक भरकटली, उलटी झाली,
आणि तिच्या शालीवर येऊन बसली.
तिनं ती पालथी केली. भोकं शोधली.
कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश,
पूर्ण वर्तुळ.
कापत नाही ही, ती म्हणाली.

थॅडियस धापा टाकत समोर उभा, हात पुढे केलेला.
तिनं तबकडी शालीखाली सारली.
नऊपैकी एक, ती म्हणाली.

आम्ही थोडं थांबलो.
मग कुणीतरी दुसरी आणायला
गाडीकडे गेलं.