नौका रद्द करणेबाबत

ऑडिटर मंगळवारी येणार, म्हणून
हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत,
बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी कॉम्प्युटर साफ करायला घेतला.
डिझेलच्या जुन्या याद्या, होऊन गेलेल्या वादळांचे इशारे,
कुणाच्या तरी हळदीची पत्रिका, तीन वेळा,
चेअरमनांच्या नातीचे दात नसलेले फोटो.
सगळं कचरापेटीत ओतलं, पेटी रिकामी कर म्हटलं.
कागद चुरगळल्याचा आवाज आला.
पेटी भरलेलीच.

आत तीन फायली.
‘ही फाइल वापरात आहे.’

कोण वापरतंय?
खोलीत मी, पंखा
आणि सुक्या बोंबलाला चटावलेलं एक मांजर.

पुन्हा डिलीट. पुन्हा वापरात.
बंद करून चालू केला, वायर काढून दहा आकडे मोजले.
नाव बदलून बघितलं, नुसतं ‘क’ ठेवलं.
नाव बदलून कालव कधी खडपावरून सुटलंय?
त्याला टोचणीच लागते
आणि ओहोटी.

दुपारच्या गाडीनं दापोलीहून मुबीन मुकादम आला.
काळ्या पडद्यावर पांढरं काहीबाही लिहीत बसला.
दोन फायली गेल्या, हूं की चूं न करता.
तिसरीपाशी थांबला.
म्हणाला, ताई, हिला कुणीतरी धरून ठेवलंय,
धरणारा सापडला की आपसूक सुटेल.
आमच्या वाडीतला भगत हेच सांगतो.
तो नारळ मागतो,
मुबीननं चहा मागितला.

मग मी नाव नीट वाचलं.
‘नौका रद्द करणेबाबत, दोरकुलकर’.

जनार्दन दोरकुलकर. बंदीच्या दिवसांत आला होता,
स्टुलावर बसला, टोपी गुडघ्यावर.
लिव, म्हणाला, चंद्रज्योत मोडीत काढली.
म्हणजे काढली नाय अजून,
पन लिव.
मी लिहिलं, छापायला दिलं,
आणि लाइट गेली.
येतो उद्याला सहीला, म्हणाला.

ह्याला चार वर्षं झाली.
तो रत्नागिरीला कॅनिंगच्या फॅक्टरीत गेटवर असतो.
चंद्रज्योत इथे, खाली, पुळणीत, चिऱ्यांवर टेकून.
तिच्यात पोरं लपाछपी खेळतात.
आणि माझ्या रजिस्टरात
दर वर्षी तिच्या नावाचं डिझेल मंजूर होतं,
दर वर्षी ती ते उचलत नाही.

जुना प्रिंटर कुठाय? मुबीननं एकदम विचारलं.
माळ्यावर. खारी हवेनं खाल्लेला, वर कोळ्याचं जाळं.
खाली आणला, पुसला, जोडला.
थोडा वेळ काहीच नाही.
मग तो खोकला, सरकला,
आणि चार वर्षांपूर्वीचं सांगितलेलं काम
करायला लागला.

शाई कुठे उरलीय!
मा. चेअरमनसाहेब यांस,
मग कोरं,
माझे मालकीची,
कोरं, कोरं,
कायमची,
तरी मेहेरबानी करून.
उजवीकडे खाली: आपला विश्वासू.
त्याच्याखाली चार बोटं मोकळी जागा.

पडद्यावर पेटी रिकामी झाली होती.
आम्हां दोघांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मुबीन तीनशे घेऊन गेला, पावती न देता.
मी दोरकुलकरांना फोन लावला.
मागे डबे खणखणत होते.
म्हटलं, कागद निघाला हो.
कंचा?
सांगितलं.
डबेच ऐकू आले बराच वेळ.
मग म्हणाले, जेट्टीवर आज काय भाव?
म्हटलं, कोलंबी बरी आहे, सुरमई नाही.
बरं, म्हणाले, ऱ्हाऊ दे तो तितंच.
गनपतीत येतो सहीला.

जाळ्याला बांधायचं शिसं होतं खिडकीत,
ते कागदावर ठेवलं, वारा फार.

मंगळवारी ऑडिटरनं शिसं उचललं,
कागद उलटसुलट केला.
बाई, हे काय? जुनं दिसतंय. टाकून द्यायचं का?

नको, म्हटलं.
वापरात आहे.