बसवणे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शब्बीरभाई कूलर बसवायला येतात.
चपला बाहेर, खिडकीवर एक नजर,
मग प्रश्न: "ताई, भोक इथं पाडू की तिथं?"
नवं गवत माझ्यासमोरच झटकतात,
काडी न् काडी उन्हात दिसते.
मी शिंकते. ते म्हणतात, "पाहून घ्या, मग म्हणू नका."

माझ्या कामातही हाच शब्द. बसवणे.
एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचा
आणि कधी न पाहिलेल्या माणसाचा कोड
घरात येऊन बसतो.
एकटा येत नाही.
तारखा नीट लिहिणारं एक पॅकेज मागवलं
तर त्याच्यामागून एक्केचाळीस जण आत आले, वऱ्हाडासारखे:
नवरदेव ओळखीचा,
बाकीच्यांना विचारायचं कसं, तुम्ही कोणाकडचे?

गेल्या मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर, रात्री दोनला,
त्रिमूर्तीनगरच्या ऑफिसात
सुगत मेश्रामनं एका नावात एक अक्षर दोनदा मारलं.
त्या चुकीच्या नावाचंही पॅकेज होतं.
कुणीतरी आधीच तिथं पाटी लावून बसलेलं,
थकलेल्या बोटांची वाट पाहत.

त्यानं ते वापरलं नाही. फक्त बसवलं.
आणि बसता बसताच ते उठलं,
घरभर फिरलं,
किल्ल्यांचा फोल्डर उघडून
कुठंतरी निरोप धाडून
पुन्हा शहाण्यासारखं जागेवर बसलं.
पडद्यावर हिरव्या अक्षरांत: झालं. त्रुटी शून्य.

तीन दिवस किल्ल्या बदलत होतो.
कुणीतरी आणलेले तर्री-पोहे तसेच, तर्रीवर तेलाची साय.
सुगत एकच वाक्य बोलायचा, "माझ्याच बोटानं."
मी म्हटलं, "बावा, अक्षर कोणाचंही चुकते.
पण येणाऱ्यानं उंबऱ्यावरूनच हुकूम सोडावा
हे कोणी ठरवलं?"

कुणीतरी ठरवलंच होतं.
कितीतरी वर्षांमागे, कुठल्याशा टेबलावर, चांगल्या मनानं:
लोकांना त्रास नको, सगळं आपोआप व्हावं.
तेव्हा गल्ली लहान होती,
उधारी तोंडावर चालायची.

आता आम्ही आमचं साधन बदलतोय.
आल्या आल्या कुणाचंही काही चालणार नाही.
काल जे आलं तेच आज आलंय का,
ठसा जुळवून पाहायचा, एका फाइलीत लिहून ठेवायचा.
नवंकोरं पॅकेज सात दिवस बाहेर ओट्यावर बसेल;
तोवर कुणीतरी ओळखेलच त्याला.
आणि आत येऊन काही करायचंच असेल
तर आधी विचारेल: चालवू?

या एका "चालवू?"वर तीन आठवडे भांडण.
रेणुका निमजे म्हणाली, लोक वैतागतील.
सुगत म्हणाला, वैतागू दे.
मी म्हटलं, वैतागणार नाहीत रे, हो म्हणतील.
चाळीसदा विचारा, चाळीसदा हो, न वाचता.
शेवटी ठरलं,
गप्प राहणाऱ्याचं उत्तर "नाही" धरायचं.
जे कुणीच निवडत नाही
तेच बहुतेकांच्या वाट्याला येतं;
निदान ते तरी आपण जागेपणी लिहावं.

हेच आज लिहीत होते, मांडीवर लॅपटॉप,
शब्बीरभाई स्टुलावर, ड्रिल भिंतीला टेकवलेलं.
त्यांनी काहीतरी विचारलं.
मान वर न करता मी म्हटलं, "हो, हो, करा."

ड्रिल काही सुरू होईना.
वर पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते.
"ताई," ते म्हणाले,
"मी विचारलं, इथून वायर गेलीय का?"