डाव्या बाजूला

लासलगावला स्टेशनकडे जाताना
पत्र्याचे दुकान, पाटी आता नीट वाचता येत नाही:
‘पुंजाराम खैरनार. येथे काटे दुरुस्त करून मिळतील.’
खाली लहान अक्षरांत, नानांनी स्वतः रंगवलेले,
‘बोलणाऱ्याने डाव्या बाजूला उभे राहावे.’

उजवा कान पासष्ट साली गेला.
पंचवीस पौंडी तोफ, खेमकरणचा ऊस,
यापुढे ते कधी गेले नाहीत.
शाळेने पंधरा ऑगस्टला बोलावले
तर फेटा बांधून गेले, अन् पोरांना सांगितले
की ओल्या उसात तोफेचे चाक रुतते,
मग खांदा लावावा लागतो, सगळ्यांनी एकदम.
हेडमास्तर पुढची वाट बघत राहिले.
नाना खाली बसले, लाडू खाल्ला.

पंधरा वर्षे भरून घरी आले,
ट्रंक, घोंगडी, आणि देवळालीत लागलेली एक सवय:
हत्यार पुसून ठेवल्याशिवाय जेवायचे नाही.
आजोबांचा शेर-पायलीचा धंदा
नानांनी किलोचा केला.
वजनाच्या पोटात भोक असते, त्यात शिसे.
झिजले तर शिसे घालायचे, जड भरले तर खरवडायचे,
मग साहेब येऊन ठसा मारणार.
कांद्याच्या दिवसांत दुकानापुढे काट्यांची रांग,
सरकारी दवाखान्यासारखी.

एखादा व्यापारी दिवेलागणीला यायचा,
मुद्दाम कानाजवळ वाकायचा, नेमका उजव्या,
हळूच म्हणायचा, थोडे शिसे काढा.
नानांना ऐकू यायचे नाही.
आम्ही हसायचो.

एकदा मात्र आले होते ऐकू.
विलासच्या ऑपरेशनचे साल.
आईने मला हे फार उशिरा सांगितले,
शेंगा फोडता फोडता, वर न बघता.
कोणाचे वजन, किती काढले, ते नाही सांगितले.
त्यानंतर नानांनी बाजारात
एका पैशाची घासाघीस केली नाही.
कोथिंबीरवाली म्हणेल तो भाव.
आई भांडायची. मग भांडायची थांबली.

आम्ही भावंडे याच दुकानात जोखले गेलो,
बारशाच्या सकाळी, धान्याच्या काट्यात, दुपट्यासकट,
मग दुपटे वेगळे जोखून वजा.
दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने आकडे:
विलास, दोन सातशे.
मंदा, तीन शंभर. ही मी.
कैलास, दोन नऊशे पन्नास.
मध्ये एक आकडा बिननावाचा, एक चारशे.
त्याचे बारसे व्हायचे राहिले.
दार दोनदा रंगवले नानांनी,
दोन्ही वेळा तेवढी जागा सोडून.

मग लाल आकड्यांचे काटे आले.
कैलासने दर्शनी भागात मोबाइलची कव्हरे टांगली.
नाना कोपऱ्यात सोनाराचा काटा घेऊन बसत.
वर्षाकाठी दोन सोनार यायचे.
बाकी दिवस रक्तदाबाची गोळी मोडून
दोन पारड्यांत दोन तुकडे ठेवत,
काटा थरथरून थांबेपर्यंत श्वास धरून.
तुकडे कधी सारखे निघाले नाहीत.
‘मोठा सकाळचा,’ म्हणत, ‘रात्री काय काम असते.’

आई गेली तेव्हा ते ऐंशीचे.
खाटेची डावी बाजू तिची होती, पन्नासएक वर्षे,
अंधारात बोलायचे तर त्याच कानात.
पुढे सात वर्षे ते उजव्या कडेलाच झोपले,
भिंतीला चिकटून.

माघात गेले.
कैलासला आता दार काढून शटर लावायचे आहे.
सुतार विचारतो, ताई, फळ्या कुठे टाकू?
मी एकदम मोठ्याने उत्तर देते,
तो दचकतो.
मग माझ्या लक्षात येते
मी उभी आहे रिकाम्या खुर्चीच्या डावीकडे,
जराशी वाकून.