खापर

एकशे अडतीस सामने. एक्क्याण्णव हरलो.
हरले, असं इथे कुणी म्हणत नाही.
हरलो.

शनिवार सकाळ, ओडेल प्रूइटचं सलून,
तळ्यावरच्या वाऱ्याने दार सारखं आपटतंय.
तीन खुर्च्या. दोनवर गिऱ्हाइकं,
तिसरीवर कुणीच नाही, तरी तिथेच
मॅनेजरची बिनपाण्याने चाललीय.

कॅझिमिर म्हणतो, सातव्या इनिंगमध्ये
पिचर बदलतं का कुणी,
हात नुकता कुठे तापला असताना?
माझी आई दूधसुद्धा वेळ बघून उतरवायची.

गालाला फेस आहे, तोंड मीट, म्हणतो ओडेल
आणि स्वतःचं उघडतो:
मॅनेजर बिचारा काय करेल?
मालकाने जुलैत लेफ्ट फील्डर विकला.
घर विकतानासुद्धा माणसं
भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवून देतात.
याने भोक तसंच ठेवलं,
आणि पुढचा प्रत्येक चेंडू त्याच भोकातून गेला.

डेल्फिन, वय एकोणीस, केस झाडता झाडता:
अंपायर आंधळा होता.
एक्क्याण्णव वेळा?
अंपायर तरी एक होता का, तो म्हणतो.

मग वारा, जो आपला फटका अडवतो
आणि त्यांच्या फटक्याला बोट धरून
कुंपणापलीकडे पोचवून येतो.
मग नव्या गणवेशाचा निळा, धड निळाही नसलेला.
मग शेवटी, सगळे येतात तिथेच येतात,
तो पोरगा, शॉर्टस्टॉप, रेन्फ्रो,
ज्याच्या हातून बत्तीस चेंडू सुटले.
स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारा कॅझिमिर
कुठला कधी सुटला, तारीखवार सांगतो.

खापर तसं हलकं असतं.
हातोहात फिरतं.
फुटायला त्याला फक्त
गैरहजर माणसाचं डोकं लागतं.

तेवढ्यात व्हर्ना कोस्टेल्निक, टॉवेलांचं गाठोडं घेऊन.
संघाची धुलाईही तिच्याकडेच
(मैदानावरची नव्हे, ती सगळ्यांनी केली).
तू सांग, व्हर्ना. तू तर आतले कपडे बघतेस.

व्हर्ना टॉवेल मोजते.
तिला माहीत आहे, ऑगस्टभर कुणाची पँट
इस्त्रीच्या घडीसकट परत आली,
मातीचा एक कणही न लागता.
तिला माहीत आहे, बत्तीसवाल्याच्या
दोन्ही गुडघ्यांवर रोज तांबडी माती असायची,
ज्या रात्री त्याला खेळवलंच नाही
त्या रात्रीसुद्धा.
बेचाळीस, ती म्हणते. दोन कमी आहेत.
आणि जाते.

मग कोपऱ्यातून थॅडियस,
ज्याच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलेलं नाही
तरी दर शनिवारी जो नंबर लावतो:
माझ्यामुळे झालं.

एकतीस वर्षं सहावी रांग, चौदा नंबर.
जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन,
डॉक्टर म्हणाले पायऱ्या नकोत,
म्हणून वर, फाटकाजवळ बसलो.
दुसऱ्या दिवसापासून ओळीने अकरा हरलो.
बघा हवं तर.

कुणी हसत नाही.
कात्रीही थांबलेली.
कॅझिमिर, ज्याने आजवर
कुणाला अर्धा मुद्दाही सोडलेला नाही,
गालावरचा फेस पुसतो, बोटांवर काही मोजतो,
आणि खेकसतो:
अकराच ना? मग उरलेल्या ऐंशीचं काय?
सगळं एकट्याने नेऊ नकोस, थॅड.

खुर्ची रिकामी आहे, ये, म्हणतो ओडेल.
केस कुठेत?
मान तरी साफ करून देतो.

डेल्फिन झाडू भिंतीला टेकवतो.
एप्रिलमध्ये मी नेईन धरून,
सहाव्या रांगेपर्यंत. पायऱ्या बावीस आहेत.

तेवीस, थॅडियस म्हणतो.