हरकत असल्यास

मियागाओच्या नगरपालिकेसमोर, बदामाच्या झाडाखाली
माझं टेबल, माझी छत्री आणि बापाचा टाइपरायटर.
प्रतिज्ञापत्र पन्नास पेसो, साधा अर्ज तीस.
रडणाऱ्यांना कोरा कागद फुकट,
रडणं मात्र आपापलं.

ती पहिल्या जीपनीनं आली,
मांडीवर केळीच्या पानात गुंडाळलेली बिबिंका,
प्लास्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला.
लुदिविना नुफाब्ले, वय सदुसष्ट,
बाळंतपणं पाच, त्यातलं एक मासेमारीच्या होडीत.
धाकटी लेक विनिपेगला नर्स,
तिला दिवस गेलेत, रात्रपाळी सुटत नाही,
म्हणून आईला व्हिसा हवा.

दाखल्यावर होतं: लुदिविनो.
काना होता, त्यावर मात्रा चढलेली.
आणि नाव पुरुषाचं दिसतं म्हणून
कुणा शहाण्यानं पुढच्या रकान्यात शाईनं भरलं: पुरुष.
एवढंच.
सदुसष्ट वर्षं कुणाला दिसलं नाही.
मासळी विकायला दाखला लागत नाही.
लग्न लावताना पाद्रीनं डोळ्यांनी पाहिलं, तेवढं पुरलं.

व्हिसावाल्यांना डोळे चालत नाहीत.

मी नियम वाचून दाखवला, सावकाश, दोनदा.
बाप्तिस्म्याची नोंद. पोलिसांचा दाखला.
शाळेची पटनोंद (शाळाच वादळात गेली, म्हणाली).
सरकारी डॉक्टरचं पत्र, की अर्जदार स्त्री आहे
आणि पहिल्यापासून आहे.
मग वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहीर सूचना:
सदर इसम पुरुष नसून स्त्री आहे,
कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावे.

"आणि असली तर?"
"कुणाची असणार?"
"तुला आमची गल्ली माहीत नाही."

डॉक्टर तिच्या तिसऱ्या मुलाच्या वर्गातला निघाला.
ती पडद्यामागून हसत बाहेर आली,
तो बराच वेळ आतच हात धूत राहिला.

आता जे तिला सांगितलं नाही ते.
दाखला उजेडाकडे धरला तेव्हा
त्यातला प्रत्येक 'एन' एका पायानं लंगडत होता.
माझ्या टेबलावरचाही लंगडतो.
बाप तेव्हा आत होता, दुसऱ्या खिडकीशी, कारकून.
दुपारनंतर त्याच्या बोटांत माडी उतरायची.
कचेरीनं मोडीत काढलं तेव्हा हेच यंत्र त्यानं घरी आणलं,
जपलं, तेल दिलं, माझ्या हाती ठेवलं.
त्या एका दुपारी त्यानं आणखी कितीजणांचं
काय काय करून ठेवलं, कोण जाणे.

मी पैसे घेतले नाहीत.
तिला वाटलं, भला माणूस.
बिबिंका ठेवून गेली.
मी खाल्ली, सगळी, करपलेल्या कडेसकट.

हरकत कुणाचीच आली नाही.
तिला त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं,
कात्रण मात्र तिनं पर्समध्ये ठेवलं, घडी घालून.
कागद हलायला अकरा महिने लागले.
नात जन्मली, तिला दोन दात आले,
फोनच्या काचेला ते दात लावून ती आजीला चावायची.

शेवटी व्हिसाचा अर्ज. मी विचारत होतो, ती सांगत होती.
क्षयरोग? नाही.
सैन्यात सेवा? नाही रे बाबा.
कधी तुरुंगवास? लग्न धरायचं का?
पूर्वी दुसऱ्या कुठल्या नावानं ओळख होती का?

इथं मी म्हणालो, नाही लिहितो,
उगाच नवी भानगड नको.
ती रस्त्यापलीकडे समुद्राकडे बघत राहिली.
जीपनीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"लिही," म्हणाली. "लुदिविनो.
सदुसष्ट वर्षं बिचारा पिशवीत होता,
ना कुणी जेवू घातलं, ना कुणी हाक मारली.
त्यालाही बघू दे बर्फ."

मी टाइप केलं.
शेवटचं अक्षर माझ्याच बोटानं मारलं,
शुद्धीत, दिवसाढवळ्या,
त्याच कळीवर.