ओला पुठ्ठा

निवृत्त झालो तेव्हा जावयानं कूपन दिलं.
"बाबा, फक्त चव घ्यायची असते, प्यायची नसते."
मला हसू आलं.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये
मीही पैसा नुसता बघितलाच.

गंगापूर धरणाच्या अलीकडे, टेकडीवर
काचेची खोली. आठ जण, उंच स्टुलं,
पाय जमिनीला न टेकणारी पुण्याची एक बाई.
शिकवणारी मुलगी गिरणाऱ्याची, शलाका पिंगळे.
तिच्या घरी अजून खायची द्राक्षं लावतात.
आई म्हणे रोज विचारते, "आज किती थुंकलीस?"

ग्लास देठाला धरा.
पांढऱ्या कागदासमोर तिरका करा, कडेचा रंग बघा.
इथं माझा हात आपोआप वर गेला, उजेडाकडे,
एक डोळा बारीक झाला
आणि मी वॉटरमार्क शोधू लागलो.
"छान, काका! पूर्वी आला होतात का?"
जावयानं माझ्याकडे नव्यानं पाहिलं.

मग नाक. तिथं गाडी अडली.
ती म्हणाली पेरू, म्हणाली कापलेलं गवत.
पुण्याच्या बाईंना आपल्याकडे न होणारं
कुठलंसं बोर सापडलं, जावयाला पीच.
मला द्राक्षांचा वास आला.
बोललो नाही. इतकं सोपं उत्तर चूकच असणार.

तोंडात घोळवा, थोडा वारा आत ओढा.
सासऱ्यानं जावयासमोर गुळण्या करायच्या
आणि एकाच भांड्यात दोघांनी पाळीपाळीनं थुंकायचं!
मला थुंकता येईना. लाजेनं नव्हे.
आमच्या गेटवर खिसे, डबा, चपलेचा तळसुद्धा बघत,
वाया गेलेला कागदही मोजून जाळत.
मी गिळलं.
तिन्ही वेळा गिळलं.

चौथी लाल, बुचाची.
ओतताना शलाकानं आवाज खाली आणला,
"ही वर्षभर लाकडात होती. घाई नको."
माना डोलू लागल्या : जांभूळ, चामडं, धूर.
मी ग्लास नाकाशी नेला, आणि
जुलै महिना, गळका पत्रा, दोन नंबरचं गोदाम,
रिमांखाली भिजून फुगलेला पुठ्ठा.
पुन्हा हुंगलं.
पुठ्ठाच.

"बाई," मी म्हटलं, आणि आवाज टेबलावरचा निघाला, जुना,
"हा लॉट थांबवा."

तिनं आपला ग्लास उचलला. एकदा. परत एकदा.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
"बुचानं बिघडलीय. ओतण्याआधी मीच बघायला हवं होतं."
जांभूळवाल्यांनी ग्लास हळूच खाली ठेवले.

तिनं दुसरी उघडली. चांगली असावी.
खरं सांगतो, तीत मला काहीच सापडलं नाही.
बिनचूक नोटेवर आम्ही शेरा मारत नसू,
ती नुसती पुढं सरके.

"आवडली का?" जावई गाडीत दोनदा विचारून थांबला.
आनंदवल्लीपाशी मी काच खाली केली :
डिझेल, मोहरीची फोडणी, कुठंतरी जळणारा पाला,
आणि चौथं काहीतरी, नाव न आठवणारं.

कुमुदनं दारातच नाक पुढं केलं.
ग्लास नाही, पांढरा कागद नाही.
"द्राक्षं," म्हणाली.
"आणि जरा जास्तच."