तिसऱ्या ठोक्यानंतर

सर्जेकोटच्या जेटीवर आता होडीहोडीत पडदा आहे.
मासळी त्यावर हिरव्या-पिवळ्या डागांनी उमटते,
पोरं डाग बघून जाळं टाकतात.
बाबा पडद्याला नावं ठेवत नाहीत.
फक्त उजवा कान पुढे करतात.
डावा केव्हाच गेला.

ऐकायला त्यांना आजोबांनी शिकवलं.
काळोखात होडी थांबवायची,
वल्हं उभं सोडायचं पाण्यात
आणि मुठीला कान लावायचा.
"गप रव. ढोमे बोलतत."
आणि खरंच लाकडातून वर चढायचा
तोंड दाबलेल्या शंभर बेडकांचा गलका.
नऊ वर्षांचा रघुवीर पराडकर
त्या रात्री दर्याला आतून भेटला.

पुढे नेव्हीत कानांची परीक्षा झाली.
साहेबाने दोनदा नाव विचारलं, दोनदा लिहून घेतलं.
पाणबुडीवर नेमणूक, असं पत्र आलं
तेव्हा नव्या नवरीला, म्हणजे माझ्या आईला,
धामापूरच्या तळ्यातलं ते पाखरू आठवलं,
खडा पडला की बुडी मारून
भलतीकडेच वर येणारं.
ती हसली म्हणे.
मग डिसेंबर आला, एकाहत्तरचा,
काचांना काळे कागद लागले
आणि पत्रं थांबली.

खाली काय होतं, ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं,
कधी जाळं शिवताना, कधी ताप असताना.
एका बाकावर तिघांची पाळी,
उशीला तिघांच्या डोक्यांचं तेल.
चहात डिझेल, भातात डिझेल.
सतरा दिवस आंघोळ नाही.
वर ऊन की रात्र, ते घड्याळ सांगे.
पाणबुडीचं नाव मात्र कधी घेतलं नाही,
जुनी माणसं बायकोचं घेत नसत तसं.
'ती' म्हणायचे.

एका रात्री वर काहीतरी आलं.
खाली नळीत टॉर्पेडो तयार,
कप्तानाचा हात बाबांच्या खांद्यावर, घामेजलेला.
बाबांनी डोळे मिटले.
टक् टक् टक्... आणि एक ठोका गायब.
टक् टक् टक्... आणि गायब.
"साहेब, मच्छीमार आहे.
एक सिलिंडर. वॉल्व ढिला आहे.
तिसऱ्या ठोक्यानंतर अडखळतो."
"खात्री?"
बाबांची खात्री नव्हती.
त्यांना फक्त आपल्या बंदरात नुकतंच आलेलं
पहिलं इंजिन आठवलं होतं,
अगदी असंच खोकणारं.
"खात्री," ते म्हणाले.

सत्तर माणसं श्वास धरून उभी,
आणि डोक्यावरून कुणीतरी
शत्रूच्या दर्यातून, बहुधा विडी ओढत,
आपल्या घरी गेलं.

युद्ध संपलं. ज्यांनी बुडवलं त्यांची नावं झाली.
जे वरून निघून गेलं
त्याचं पदक कसं पाडणार?

'ती' भंगारात निघाली तेव्हा बोलावणं आलं होतं.
बाबा गेले नाहीत. त्या दिवशी
दिवसभर होडीला डांबर लावत बसले,
आधीच लावलेल्या होडीला.
पुढे कुणा सोबत्याने एक पितळी चाक पाठवलं,
तळहाताएवढं, कसल्याशा झडपेचं.
आई त्याने लोणच्याची बरणी दाबून ठेवायची.
अजून तेच आहे बरणीवर.

आता संध्याकाळी ते ओट्यावर बसतात.
होड्या आत येतात, सहा-सहा सिलिंडरच्या, गुळगुळीत,
एकही अडखळत नाही.
बाबांची बोटं खाटेच्या कडेवर चालत असतात,
तीन, मग थांबणं.
मी औषध द्यायला वाकते.
ते माझ्या कानाशी येऊन विचारतात,
बावन्न वर्षांत कितव्यांदा कोण जाणे,

"त्येना तो वॉल्व
दुरुस्त केल्यान आसात काय गो?"